पाइप नव्हे, पाय पाहा : छोट्या जिप्सीसाठी रोल बारची निवड

बदली ही बँक अधिकाऱ्याच्या पाचवीलाच पुजलेली असते. त्याच न्यायाने मी लखनौच्या आलमबाग भागातील शाखेत येऊन दाखल झालो. अवधचा नवाब वाजिद अली शाह याने आपल्या बेगमेसाठी वसविलेली ही बाग. १८५७ च्या संग्रामात येथे घनघोर लढाई झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मरण पावलेला इंग्रज सेनानी हॅवलॉक याचे थडगे आजही येथेच आहे. आता मात्र बाग केवळ नावातच उरली आहे. कानपूरकडे जाणारा गजबजलेला रस्ता, त्यावरून २०१७ पासून धावणारी मेट्रो, मोठे बसस्थानक, रेल्वेचे डबे व वाघिणी दुरुस्त करणारा जुना कारखाना आणि पुढे ट्रान्सपोर्ट नगर, असा हा सारा लोखंडाचा आणि चाकांचा परिसर आहे. साहजिकच आमच्या शाखेत वाहनकर्जाचे अर्ज पुष्कळ येतात.

अशाच एका अर्जाने प्रस्तुत लेखाचा विषय मला मिळवून दिला. अर्जदार मूळचे सातारा जिल्ह्यातील, लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. मुलगी लखनौला स्थायिक असल्याने तेही येथेच राहिले. जावयाची शेती तराईच्या बाजूला; पावसाळ्यात तिकडचे रस्ते म्हणजे नुसता चिखल. म्हणून त्यांना कापडी छताची एक जुनी मारुती जिप्सी घ्यायची होती. अर्जासोबत जोडलेल्या अंदाजपत्रकात गाडीची किंमत, इंजिनाची दुरुस्ती, नवे टायर आणि शेवटी एक ओळ होती : 'रोल बार, स्टेनलेस, चकचकीत.'

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ताळेबंद वाचता येतो, पण ही ओळ काही वाचता येईना. मी विचारले, "सुभेदार साहेब, हा रोल बार शोभेचा की गरजेचा?"

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "साहेब, मी डोंगरात एक जिप्सी उलटलेली पाहिली आहे. वेग नव्हता. पावसानं रस्त्याची कड खचली आणि गाडी कलंडली, एवढंच. वरचं कापड फाटलं, समोरच्या काचेची चौकट दुमडली. चालक वाचला, पण मान कायमची गेली. आता माझ्या गाडीत नातवंडं बसणार आहेत. म्हणून तुम्हीच सांगा, शोभेचा की गरजेचा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढचे काही रविवार गेले. जे हाती लागले ते आपल्या सुज्ञ ग्राहकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गाडी कलंडते का?

जिप्सी डिसेंबर १९८५ मध्ये भारतीय बाजारात आली. ९७० सीसीचे इंजिन, चारही चाकांना शक्ती देण्याची सोय, हलके वजन आणि शिडीच्या आकाराची मजबूत चासी ही तिची वैशिष्ट्ये. १९९३ मध्ये तिच्या डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर ९० मिलिमीटरने वाढविण्यात आले. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिनाची 'जिप्सी किंग' आली. २०१९ च्या सुमारास सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. त्यामुळे आज जिप्सी घ्यावयाची तर जुनीच घ्यावी लागते, आणि तिच्या सुरक्षिततेचा विचारही मालकालाच करावा लागतो.

चाकांमधील अंतर वाढविण्याला मोठा अर्थ आहे. गाडी सहज उलटेल की नाही, याचा एक सोपा हिशेब अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने रूढ केला आहे. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतराचा निम्मा भाग घ्यावा आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागावे. भागाकार जितका मोठा, तितकी गाडी स्थिर. सर्वसाधारण मोटारींत हा आकडा १.३ ते १.५ च्या दरम्यान असतो. उंच गाड्यांत तो १.० ते १.३ पर्यंत खाली येतो. रुंद केलेल्या जिप्सीच्या चाकांमधील अंतर साधारण १३०० मिलिमीटर, म्हणजे निम्मे ६५०. समजा, माणसे व सामान धरून गुरुत्वमध्य ६५० मिलिमीटर उंचीवर आहे, तर भागाकार १ येतो. त्याच गाडीला उंच टायर व उंच स्प्रिंगा बसवून तो मध्य केवळ ५० मिलिमीटर वर नेला, तर आकडा ०.९३ वर येतो. गाडी उंच करण्याची हौस किती महाग पडू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

जिप्सीच्याच कुळातील आखूड गाडी अमेरिकेत 'सामुराई' या नावाने विकली जात असे. तेथील एका ग्राहक-मासिकाने १९८८ मध्ये ती वळणावर कलंडू शकते असा निष्कर्ष काढून तिला नापसंत ठरविले. उत्पादक कंपनीने १९९६ मध्ये दावा लावला. तो २००४ मध्ये उभयपक्षी तडजोडीने मिटला. त्या वादात कोण बरोबर होते, यात आपण शिरू नये. उंच आणि अरुंद गाडी चालविताना वळणावर वेग कमी ठेवावा, एवढा बोध मात्र निर्विवाद आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. रोल बार गाडीला उलटण्यापासून वाचवीत नाही. तो गाडी उलटल्यानंतर कामास येतो. वळणावर गाडीचा झुकाव कमी करणारा, चाकांजवळ बसणारा 'अँटी-रोल बार' हा अगदी निराळा भाग आहे. नावांच्या सारखेपणामुळे अंदाजपत्रकात हा घोटाळा होतो, तेव्हा कोणता भाग अभिप्रेत आहे हे आधी विचारून घ्यावे.

कापडी छताखाली आधार कोणाचा?

पत्र्याचे छत असलेल्या मोटारीत खांब आणि छत मिळून एक पेटी बनते. ती किती भार सोसते, याचे अमेरिकेतील मानक पूर्वी गाडीच्या वजनाच्या दीडपट होते. २००९ मध्ये ते लहान गाड्यांसाठी तिप्पट करण्यात आले. परंतु उघडणाऱ्या कापडी छताच्या गाड्यांना हे मानक लागूच नाही. कारण उघड आहे : जे छतच नाही, त्याची ताकद मोजायची कशी?

कापडी छताच्या गाडीत कापड तोलून धरणाऱ्या बारीक कांबी असतात. त्यांना कित्येक जण रोल बार समजतात. वस्तुतः त्यांचे काम छत्रीच्या काड्यांसारखे आहे. पाऊस अडविणे एवढेच. एक टन वजनाची गाडी अंगावर आली तर त्या काड्यांचे काय होणार, हे सांगावयास नको.

खरी संरक्षक कमान ही काही नवी कल्पना नाही. फॉर्म्युला वन शर्यतींत ती १९६१ पासून सक्तीची आहे. शेतकरी ग्राहकांना अधिक जवळचे उदाहरण ट्रॅक्टरचे. ट्रॅक्टर उलटून चालक त्याखाली चिरडला जाण्याच्या घटना रोखण्यासाठी स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि त्यानंतर तेथे असे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. आपल्याकडे २०२० मध्ये आलेल्या महिंद्राच्या नव्या थारमध्येही अशी चौकट कारखान्यातूनच बसविलेली आहे. जुन्या जिप्सीच्या मालकाला मात्र ही निवड स्वतः करावी लागते.

एक कमान, चार पाय की पूर्ण पिंजरा?

बाजारात साधारणपणे तीन प्रकार आढळतात. पहिला, पुढच्या सीटांच्या मागे उभी केलेली एकच कमान. हिला दोनच पाय. गाडी पालथी होताना जोर केवळ वरून येत नाही. गाडी पुढे सरकत असल्याने तो मागच्या दिशेनेही येतो. दोन पायांची कमान त्या जोरापुढे उघड्या दारासारखी मागे लवते. दुसरा प्रकार म्हणजे हीच कमान, पण तिच्या खांद्यांपासून मागे उतरणारे दोन तिरकस आधार असलेली. हिला चार पाय. तिसरा, समोरच्या काचेभोवतीही नळ्या असलेला सहा पायांचा पूर्ण पिंजरा.

पिंजरा सर्वांत मजबूत, म्हणून तोच घ्यावा, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु शर्यतीचा चालक शिरस्त्राण घालून आणि पट्ट्यांनी सीटला जखडून बसलेला असतो. आपण बाजारहाटाला निघताना डोक्यावर काही घालत नाही. अशा वेळी कपाळापासून वीतभर अंतरावर असलेली पोलादी नळी किरकोळ धडकेतही घातक ठरू शकते. म्हणून रोजच्या वापरातील छोट्या गाडीसाठी चार पायांची कमान, आणि तिच्या चौकटीत एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणारी एक तिरपी नळी, हा मध्यम मार्ग मला योग्य वाटला. तिरपी नळी लहान दिसते, पण तिच्याविना कमान बाजूच्या धक्क्याने खाटेच्या सैल चौकटीसारखी तिरकी होते.

आंतरराष्ट्रीय मोटार क्रीडा महासंघाचे नियम येथे उपयोगी पडतात. मागचे आधार सरळ असावेत, त्यांना मध्ये बाक नसावा, आणि उभ्या रेषेशी त्यांनी किमान ३० अंशांचा कोन करावा, असे ते सांगतात. म्हणजे आधार फार उभे असतील तर ते आधारच नव्हेत. आपण शर्यतीत उतरणार नसलो, तरी मोजपट्टी म्हणून हे नियम चांगले आहेत.

नळीचा व्यास, जाडी आणि बाक

त्याच नियमांनुसार मुख्य कमानीची नळी ताण देऊन तयार केलेल्या अखंड, म्हणजे सीमलेस पोलादाची असावी. बाहेरचा व्यास ४५ मिलिमीटर व भिंतीची जाडी २.५ मिलिमीटर, किंवा व्यास ५० व जाडी २ मिलिमीटर असावी. इतर नळ्यांसाठी ३८ व २.५, अथवा ४० व २ चालते. आपल्याकडे वाहनांसाठीच्या पोलादी नळ्यांचे भारतीय मानक आयएस ३०७४ हे आहे; नळ इत्यादींसाठी वापरल्या जाणाऱ्या पाइपांचे आयएस १२३९ हे त्याहून वेगळे आहे. बिलावर कोणते मानक लिहिले आहे, हे पाहावे.

मापाच्या बाबतीत एक फसगत नेहमी होते. पाण्याचा 'दीड इंची' पाइप आतल्या नाममात्र मापाने ओळखला जातो. त्याचा बाहेरचा व्यास ४८.३ मिलिमीटर भरतो. उलट 'दीड इंची' नळी बाहेरच्या मापाने ओळखली जाते; तिचा व्यास केवळ ३८.१ मिलिमीटर. दोन्हींचे नाव एक, वस्तू दोन. म्हणून इंचांत बोलू नये. बाहेरचा व्यास आणि भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी, आणि कापून उरलेला तुकडा मागून घेऊन व्हर्नियरने स्वतः मोजावा.

जाडीचे महत्त्व किती? ३८ मिलिमीटर व्यासाची, १.६ मिलिमीटर जाडीची नळी आणि ४५ मिलिमीटर व्यासाची, २.५ मिलिमीटर जाडीची नळी शेजारी ठेवल्या तर डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही. परंतु वाकण्यास विरोध करण्याची दुसरीची क्षमता पहिलीच्या दुपटीहून अधिक आहे. वजनात मात्र ती मीटरमागे जेमतेम सव्वा किलोने जड आहे. चार पायांची संपूर्ण कमान, पट्ट्यांसह, साधारण वीस किलोत बसते. याहून फार हलकी कमान कोणी दाखविली तर ती कशी हलकी झाली, हे जरूर विचारावे.

बाक हा दुसरा मुद्दा. जुन्या पद्धतीत नळीत वाळू भरतात, ती भट्टीत लाल करतात आणि वाकवितात. बाकाच्या आतल्या बाजूस सुरकुत्या पडल्या किंवा नळी चपटी झाली, की नेमकी तेथेच ती मोडते. नियमानुसार नळी थंड स्थितीत यंत्रावर वाकवावी, बाकाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या किमान तिप्पट असावी, आणि बाकाजवळचा लहान व्यास मोठ्या व्यासाच्या नऊ-दशांशाहून कमी नसावा. ही तपासणी कोणीही करू शकतो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप तर वापरूच नये. वेल्डिंगच्या वेळी जस्त जळून विषारी धूर होतो आणि सांधाही कमकुवत राहतो.

आता सुभेदारांच्या अंदाजपत्रकातील त्या चकचकीत कमानीकडे वळू. आम्ही दोघे ती पाहावयास गेलो. आरशासारखी झळकत होती. भिंतीची जाडी विचारली तर दुकानदाराने किंमत सांगितली. मानक विचारले तर वर दिवे कसे बसतील ते सांगितले. आपल्याकडे म्हण आहे, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' अशा कमानी दिवे लावण्यास आणि हात धरण्यास ठीक असतात. त्यांना संरक्षक म्हणणे मात्र धोक्याचे, कारण खोटा भरवसा हा भरवसा नसण्याहून वाईट.

मिस्त्रींचा मंत्र

परतताना सुभेदारांच्या ओळखीचे एक वयोवृद्ध मिस्त्री भेटले. सारी हयात रेल्वेच्या कारखान्यात वेल्डिंगमध्ये घालविलेली. आम्ही त्यांच्यापुढे नळीचा व्यास, जाडी वगैरे सारे पांडित्य मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच वाक्य उच्चारले : "साहब, पाइप नहीं, पैर देखिए।"

मग त्यांनी आम्हाला एका जिप्सीखाली वाकून पाहावयास लावले. कमान उत्तम होती, पण तिचे पाय गाडीच्या पातळ पत्र्यावर चार लहान बोल्टांनी आवळलेले होते. खालून केवळ वॉशर. गाडी उलटली तर सगळा भार त्या चार पायांवर येणार, आणि पाय पत्रा फाडून खाली जाणार. कमान शाबूत राहील, पण ती वीतभर खाली आलेली असेल. मजबूत टेबल दलदलीत उभे करावे, तसा हा प्रकार.

यावर उपाय सोपा आहे. मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली, पत्र्याच्या दुसऱ्या बाजूस, किमान ३ मिलिमीटर जाडीची आणि १२० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पोलादी पट्टी असावी, असे महासंघाचा नियम सांगतो. १० बाय १२ सेंटिमीटरची पट्टी हे माप पुरे करते. अशा प्रत्येक पायास किमान तीन बोल्ट, ते किमान ८ मिलिमीटर व्यासाचे, आणि ८.८ या प्रतीचे असावेत. हा आकडा बोल्टच्या डोक्यावरच कोरलेला असतो. पट्टीचे कोपरे गोल केलेले असावेत, नाहीतर तेच कोपरे पत्रा कापतात. पट्टी बसविण्यापूर्वी खालचा पत्रा गंजलेला नाही ना, हे हातोडीने ठोकून पाहावे. तराईच्या चिखलात वावरलेल्या जुन्या गाडीत ही तपासणी सर्वांत आधी करावी. गंजलेल्या पत्र्यावर कितीही जाड पट्टी बसविली तरी व्यर्थ.

मी विचारले, "मग पाय सरळ चासीवरच का उतरवू नयेत?" मिस्त्रींचे उत्तर विचार करण्यासारखे होते. जिप्सीचा सांगाडा चासीवर रबरी गुटक्यांवर बसलेला असतो. चालताना तो चासीच्या तुलनेत किंचित हलतो. कमान चासीला जखडली तर ती आणि सांगाडा एकमेकांना ओढत राहतात आणि कालांतराने भेगा पडतात. शिवाय सीट आणि पट्टा सांगाड्याला जोडलेले आहेत. माणूस, सीट, पट्टा आणि कमान ही चारही एकाच सांगाड्यावर एकत्र राहिली पाहिजेत. म्हणून पाय सांगाड्यावरच असावेत, पण शक्य तेथे रबरी गुटक्यांच्या जवळ, म्हणजे भार चासीपर्यंत लवकर पोहोचेल अशा जागी. मुख्य कमानीचे पाय चाकावरील पातळ पत्र्याच्या फुगीर भागावर टेकविणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत चुकीचे.

बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर कमान म्हणजे हमीपत्र, आणि तिचे पाय म्हणजे हमीदाराची पत. कागद कितीही जाड असला, तरी पत नसेल तर वसुलीच्या दिवशी काय होते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगावयास नको.

उंची, उशी आणि पट्टा

कमान चालकाच्या डोक्याहून उंच हवी. शर्यतींच्या नियमांत ती शिरस्त्राणाहून दोन इंच वर असावी असा दंडक आढळतो. याची घरगुती चाचणी अशी : चालकाने नेहमीप्रमाणे सीटवर बसावे. कमानीच्या माथ्यापासून समोरच्या काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एक सरळ काठी धरावी. डोके काठीच्या खाली, मध्ये मोकळी जागा राखून राहिले पाहिजे. डोके काठीला लागत असेल तर आधी सीट किंवा तिची गादी खाली करता येते का ते पाहावे. काचेची चौकट स्वतः फारशी मजबूत नसते, हेही ध्यानात ठेवावे. म्हणूनच मध्ये जितकी अधिक जागा तितके बरे.

डोके जेथे नळीवर आदळू शकते तेथे उशी हवी. पाण्याच्या पाइपावर चढवितात तो मऊ फोम येथे उपयोगाचा नाही; बोटाने दाबला की नळी लागते. शर्यतीच्या गाड्यांसाठी मिळणारा घट्ट, दाट फोमच घ्यावा.

आणि पट्टा! कमान माणसाभोवती एक जागा राखून ठेवते. माणसाला त्या जागेत राखून ठेवतो तो पट्टा. पट्टा न लावलेला माणूस उलटणाऱ्या उघड्या गाडीतून बाहेर फेकला जातो, आणि कधी कधी तीच कमान त्याच्या अंगावर येते. जुन्या जिप्सीचे पट्टे विरलेले, बकले गंजलेली असतात. पैसे मर्यादित असतील तर आधी पट्टे बदलावेत आणि मग कमानीचा विचार करावा, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

मागे बसणाऱ्यांचे काय?

येथवर आल्यावर सुभेदार गप्प झाले. त्यांच्या गाडीत मागे समोरासमोर तोंड केलेले दोन लांबट बाक होते. पुढच्या सीटांमागील कमान पुढे बसणाऱ्या दोघांचे रक्षण करते. मागच्या बाकांवर बसणारे कमानीच्या मागे, तिरकस आधारांच्या मध्ये, आडवे आणि पट्ट्याविना बसलेले असतात. गाडी कलंडली तर त्यांच्यासाठी तेच आधार दगडासारखे ठरतात. आडव्या बाकाला नुसता पट्टा जोडल्यानेही प्रश्न सुटत नाही.

"म्हणजे ज्यांच्यासाठी कमान बसवायची, तीच पोरं तिच्या बाहेर," सुभेदार म्हणाले. मला यावर बोलण्यासारखे काही नव्हते. कोणाचे रक्षण करावयाचे हा प्रश्न आपण शेवटी विचारला. तो पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता. वाचकांनी ही चूक करू नये.

कागदपत्रांची बाजू

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे तत्त्व ठामपणे मांडले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ (४) नुसार अनुमती नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही होऊ शकतात. त्याआधी, डिसेंबर २०१७ मध्ये, गाडीच्या पुढे बसविल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डांविरुद्ध कारवाई करण्याची सूचना केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना दिली होती. हेतू सुरक्षेचा असला, तरी 'सगळेच बसवितात' हा युक्तिवाद कामास येत नाही.

म्हणून ड्रिल यंत्राला हात लावण्यापूर्वी तीन कामे करावीत. परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करून लेखी उत्तर घ्यावे. विमा कंपनीस नियोजित बदल लेखी कळवावा. अन्यथा दाव्याच्या वेळी तोच वादाचा मुद्दा होतो. आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेला कळवावे, कारण ती गाडी बँकेकडे तारण आहे. गॅरेजवाल्याकडून नळीचे मानक, व्यास, जाडी, पट्ट्यांची मापे आणि बोल्टांची प्रत बिलावर लिहून घ्यावी. 'बाप दाखव, नाहीतर श्राद्ध कर' हा बाणा येथे अगदी योग्य आहे.

शेवटी काय ठरले?

सुभेदारांचे कर्ज आम्ही मंजूर केले, पण अंदाजपत्रकातील चकचकीत कमानीची ओळ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडली. तिच्या जागी दोन नवे तीन-बिंदू पट्टे आणि खालच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती आली. चार पायांच्या कमानीचा आराखडा मिस्त्रींनी कागदावर काढून दिला आहे. तो जोडून परिवहन कार्यालयाकडे अर्ज गेला असून उत्तर येईपर्यंत गाडीला एकही छिद्र पाडावयाचे नाही, असा त्यांचा निश्चय आहे.

नातवंडांचा निर्णय मात्र त्यांनी कोणाच्याही उत्तराची वाट न पाहता घेतला. मागचे बाक आता खताच्या गोण्या आणि अवजारे यांच्यासाठी आहेत. मुले आजीसोबत पत्र्याच्या छताच्या मोटारीतून पक्क्या रस्त्यापर्यंत जातात आणि शेवटचा चिखलाचा मैलभर आजोबांचा हात धरून चालतात. त्यांची नाराजी अजून गेलेली नाही.

परवा हप्ता भरण्यास ते शाखेत आले होते. मी विचारले, "कमानीचं काय झालं?" जाता जाता म्हणाले, "कमान मिळेल तेव्हा मिळेल, साहेब. पट्टा आजपासून."